वजन उचलू नये

कळमेश्वरच्या एमआयडीसीत रविंद्र ढोके सत्तावीस वर्षं एका पाइपच्या कारखान्यात कामाला होता. त्याची मुलगी मेघा सकाळी उजाडता उजाडता कारखान्यांच्या फाटकांसमोरच्या रस्त्यावर धावायची. उंच, काटक, केस कापलेले. रात्रपाळी सुटलेले कामगार चहा पिता पिता तिच्याकडं बघत आणि रविंद्रला सांगत, "रविभाऊ, तुमची पोट्टी पोलीस होते म्हंजे होते." पहिल्या भरतीत ती दोन गुणांनी राहिली. राहिली तेव्हा घरात रडली नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट बांधून बाहेर पडली.

तिचं लग्न जमलं तेही या धावण्याच्याच जोरावर. नागपूरला लागून असलेल्या बेशाचा प्रेमानंद बागडे एका बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर होता. पाहायला आला तेव्हा त्यानं स्वयंपाकाचं विचारलं नाही, आठशे मीटरचं टायमिंग विचारलं. "तीन मिनिटांच्या आत," मेघा म्हणाली. त्याची आई इंदूबाई खूश झाली. लग्नाआधीच तिनं साऱ्या लेआउटच्या वस्तीत सांगून टाकलं, आमची सून पोलिसात लागून राहिली. मेघाला वाटलं, आपलं नशीब बरं. बाकीच्या मैत्रिणींच्या सासरी नोकरीचं नाव काढलं तरी तोंडं वाकडी होतात, आणि इथं सासूच वर्दीची वाट पाहते.

वर्षभरात दिवस गेले. मेघाची आई ती नववीत असतानाच वारली होती, त्यामुळं माहेरी बाळंतपण करायला कुणी नव्हतं. बेशाजवळच्याच एका लहान नर्सिंग होममध्ये नाव घातलं. कळा बावीस तास चालल्या. शेवटी एक बाई स्टुलावर चढली, तिनं मेघाच्या पोटावर कोपर टेकवलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. पावणेचार किलोचं पोरगं बाहेर आलं आणि मेघा खाली फाटली. किती टाके पडले ते तिला कुणी सांगितलं नाही. डॉक्टर नर्सला "अजून एक धागा दे" म्हणाला, ते मात्र तिनं चार वेळा ऐकलं.

पोराचं नाव आर्यन ठेवलं.

पाचव्या दिवशी इंदूबाईनं जुनं लुगडं फाडून पट्टा केला. मेघाला भिंतीशी उभं केलं आणि कमरेला गुडघा लावून पोट असं आवळलं की तिचे डोळे पांढरे झाले. "आवळल्याशिवाय पोट जात नाही वं. ढेरीवाल्या बाईले पोलिसात कोण घेईल?" पट्टा बांधला की मेघाला खाली जड वाटायचं. बसलं की काहीतरी आतून उतरून दाराशी येऊन थांबल्यासारखं वाटायचं. तिनं सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "आम्ही बाराव्या दिवशी पऱ्हाटीचा कापूस वेचायले गेलो होतो. तुले बसल्या जागी जड वाटते?" विसाव्या दिवशी बोअर बंद पडली, टँकर आला आणि मेघानं खालून दुसऱ्या मजल्यावर सोळा बादल्या चढवल्या. इंदूबाई जिन्याच्या वर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक बादलीला म्हणत होती, "हळू, सांडू नको."

आर्यन तीन महिन्यांचा झाला आणि भरतीची जाहिरात आली.

प्रेमानंदनं बाजारातून शिट्टी आणली. बेशाच्या मागं प्लॉट पाडून ठेवलेलं मोकळं रान होतं, तिथं तो तिला रोज सकाळी नेऊ लागला. मोबाइलवर वेळ लावायचा, शिट्टी मारायचा आणि मोटारसायकलवर बसून बघायचा. मेघाला धावायला येत होतं, पाय विसरले नव्हते. पण दोनशे मीटर झाले की पँट ओली व्हायची. पहिल्या दिवशी तिला वाटलं घाम असेल. दुसऱ्या दिवशी तिला कळलं. तिसऱ्या दिवसापासून ती दोन दोन पॅड लावून धावू लागली.

घरी आल्यावर सिट-अप. प्रेमानंद तिच्या पायांवर बसायचा आणि मोजायचा. शंभर. उठताना मेघाचं पोट मधोमध उभं फुगून यायचं, बेंबीच्या वरपासून खालपर्यंत एक धार उभी राहिल्यासारखं. प्रेमानंदनं त्याचा फोटो काढला आणि आईला दाखवला. "पाह्य, मगरीच्या पाठीसारखं दिसून राहिलं." दोघं हसले. मेघाही जरा हसली, कारण न हसून त्या घरात राहायचं कसं ते तिला अजून जमलं नव्हतं. मग तो म्हणाला, "चरबी आहे. उद्यापासून दीडशे."

पँट ओली होते हे त्याला मार्चमध्ये समजलं. त्या दिवशी तिच्या शिंकेनं घोटाळा केला, पॅड पुरलं नाही, राखाडी पँटवर डाग उतरला. प्रेमानंदला डाग दिसला. "केव्हापासून होऊन राहिलं हे?"

"डिलिव्हरी झाल्यापासून."

"अन् मले आता सांगून राहिली? तिथं साहेब लोकांसमोर मुतली म्हंजे?"

त्यानं उपाय शोधला तो असा, की रात्री जेवणानंतर ते सकाळी धावणं होईपर्यंत तिनं पाणी प्यायचं नाही. इंदूबाई स्वयंपाकघरात झोपायची, माठ तिच्या उशाशी होता. एप्रिल आला. नागपूरचं ऊन तापलं, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मेघाचे ओठ फुटले, लघवीला आग होऊ लागली, दूध कमी झालं. आर्यन स्तन सोडून किंचाळायचा तेव्हा इंदूबाई म्हणायची, "दूध बी नाही, पोट बी जात नाही, मंग होऊन काय राहिलं या बाईचं?"

त्या मैदानावर माया नावाची आणखी एक बाई धावायला यायची. मनीषनगरची, दोन लेकरांची आई. एका सकाळी मेघा कडेच्या बाभळीआड पॅड बदलत होती, तेव्हा माया तिथं आली. तिनं तोंड फिरवलं नाही. "मले बी होत होतं," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीत बायकांसाठी एक मॅडम बसते. बुधवारी. जाय. हे व्यायामानं बरं होते, पण हा जो व्यायाम तू करून राहिली, त्यानं नाही."

मेघा बुधवारी बाळाच्या लसीचं सांगून गेली. मिनल डोंगरे नावाची ती मॅडम तिच्याच वयाची होती. तिनं मेघाला झोपवलं, डोकं थोडं उचलायला सांगितलं आणि पोटाच्या मधोमध बोटं ठेवली. बोटं आत गेली. "कळलं? अडीच बोटांची फट आहे. गरोदरपणात पोटाचे दोन्ही स्नायू बाजूला सरकतात, तुमचे परत जवळ आले नाहीत. वरून पट्टा आवळला, सिट-अप काढले, सगळा दाब खाली गेला." मग पडदा ओढून खालची तपासणी केली. खोकायला लावलं. मिनल मॅडम हात धुऊन आली आणि म्हणाली, "लघवीची पिशवी खाली उतरली आहे. खालचा स्नायू एका बाजूनं फाटला होता, तो नीट जुळलेला नाही. घाबरू नका, याच्यावर काम करता येतं. पण सहा महिने धावायचं नाही."

"मॅडम, पाच हप्त्यांनी माझं भरतीचं ग्राउंड आहे."

"तुम्ही धावलात तर हे बाहेर येईल."

तिनं मेघाला श्वास शिकवला. श्वास घेताना पोट सैल, सोडताना खालचा भाग लघवी अडवल्यासारखा आत ओढून धरायचा, पाच मोजायचे, सोडून द्यायचं. उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधारानं. पाणी भरपूर प्यायचं. मग एका कागदावर तिनं निदान लिहिलं आणि खाली मराठीत लिहिलं, पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये.

"अन् पोरगं?" मेघानं विचारलं. "सात किलोचं आहे."

मिनल मॅडम हसली. "पोराला घ्यायचंच की. त्याच्याशिवाय कसं होईल? बसून घ्या, छातीशी धरून, श्वास सोडत उठा." हे मात्र तिनं कागदावर लिहिलं नाही.

प्रेमानंदनं कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. "भरती होऊ दे. मंग कर ना आराम जन्मभर, पगारी सुट्टी भेटते पोलिसात."

खरं सांगायचं तर मेघालाही जायचं होतं. तिला कुणी हात धरून नेलं नाही. पाच आठवडे तिनं मॅडमचा श्वास केला आणि धावणंही केलं, आणि आठशे मीटर तर आहेत, तीन मिनिटं तर आहेत, असं रोज स्वतःला सांगितलं.

ग्राउंडच्या दिवशी पहिली फेरी तिनं चांगली काढली. चौथ्या नंबरवर होती. पाचशे मीटरनंतर पोटात खालून एक झटका बसला आणि मांड्यांमध्ये काहीतरी गोल, ओलं, गरम येऊन लागलं. तिला पाय जवळ घेता येईनात. ती फेंगडी धावू लागली. कडेच्या पोरींपैकी एक ओरडली, "अवं, तिची पँट पाह्य!" आणि हसू फुटलं. एकेक करत सगळ्या तिच्या पुढं गेल्या. मेघा थांबली नाही. तीन मिनिटं एकोणतीस सेकंदांनी तिनं रेषा ओलांडली आणि खाली बसली. एका महिला शिपायानं तिच्या मांडीवर टॉवेल टाकला आणि काही न विचारता पाणी दिलं. मेघानं अख्खी बाटली संपवली.

प्रेमानंद फाटकाबाहेर उभा होता. त्यानं वेळ विचारली, मग टॉवेल बाजूला सारून पँटकडं पाहिलं. गाडीला किक मारली.

"ऑटोनं ये. सीट खराब होईल."

चार दिवसांनी त्यानं रविंद्रला फोन करून बोलावून घेतलं. रविंद्र अर्धी सुट्टी टाकून आला, दारातच चप्पल काढून उभा राहिला. प्रेमानंद त्याच्याशी चांगल्या शब्दांत बोलला. "बाबा, हिले आरामाची गरज आहे. इथं कोण करते हिचं? बरी झाली की आणून सोडा." मेघानं पिशवी भरली. आर्यनचे कपडे भरायला लागली तेव्हा इंदूबाई आर्यनला कडेवर घेऊन मध्ये उभी राहिली.

"ते कायले भरून राहिली?"

"त्याचे कपडे आहेत, आई."

"डॉक्टरीणबाईनं काय लिहून देल्लं? पाच किलोच्या वर उचलू नको. हे आठ किलोचं पोट्टं आहे. तू काय करशील याले?"

प्रेमानंदनं खिशातून तो कागद काढला. इतके दिवस त्यानं तो जपून ठेवला होता. मेघा म्हणाली, मॅडमनं सांगितलं आहे, पोराला घेता येतं. "कुठं लिहिलं?" प्रेमानंदनं विचारलं. "दाखव, कुठं लिहिलं?" रविंद्रनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि त्याची मान खाली गेली. लिहिलेल्या कागदापुढं त्यानं जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं. मेघा धावून पोराला ओढू लागली तर इंदूबाई ओरडली, "पाह्य, पाह्य, झोंबून राहिली, लेकराचा हात मोडन!" आणि मेघाचे हात सुटले.

कळमेश्वरला दूध दाटून तिच्या छातीचे दगड झाले. तीन दिवस ती मोरीत बसून हातानं दूध पिळायची आणि तांब्याभर पाणी ओतून वाहून घालवायची. रविंद्र बाहेर अंगणात रेडिओ मोठा करून बसायचा.

दोन आठवड्यांनी त्यानं धीर करून बेशात चार शहाणी माणसं बसवली. चार म्हणता अकरा आली. मधोमध मधुकरराव नावाचे निवृत्त मास्तर होते, दोन्ही घरांना मान्य. त्यांनी तो कागद मागितला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून खड्या आवाजात वाचला. लघवीची पिशवी, योनिमार्ग, फाटलेला स्नायू, सगळं. अकरा माणसं चटईकडं बघत होती. मेघा भिंतीला टेकून उभी होती, कारण बसलं की खालचं दुखायचं. एका माणसानं कानात करंगळी फिरवली. मधुकररावांनी चष्मा काढला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि त्यांनी निकाल दिला तो असा, "पोरीनं आधी तब्येत सुधरवावी. तोवर लेकरू आजीपाशी राहू द्या. महिन्यातून एकदा भेटून जावं. बरी झाली की नेईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

मेघा दर दुसऱ्या बुधवारी एसटीनं नागपूरला जाऊ लागली. मिनल मॅडमनं तिला रागावलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पहिले दोन महिने नुसतं झोपून श्वास आणि धरणं, दिवसातून तीन वेळा, दहा दहा. काही होत नसल्यासारखंच वाटायचं. तिसऱ्या महिन्यात खोकला आला आणि कपडे कोरडे राहिले. त्या दिवशी तिनं मुद्दाम आणखी चारदा खोकून पाहिलं. मग भिंतीशी पाठ लावून बसणं, कुल्ले उचलणं, पाण्याची एक बाटली उचलणं, मग दोन. पोटाची फट दोन बोटांवर आली, मग दीडवर. संध्याकाळी खाली जड वाटायचं ते कमी होत गेलं, पार गेलं मात्र नाही. "पूर्वीसारखं होईल का?" तिनं विचारलं. "पूर्वीसारखं नाही," मॅडम म्हणाली. "चालेल असं होईल." मेघाला ते उत्तर आवडलं, कारण वर्षभरात तिच्याशी कुणी खरं बोललं नव्हतं.

महिन्यातून एकदा ती बेशाला जायची. पहिल्या वेळी आर्यननं तिच्या छातीवर तोंड घासलं. दुसऱ्या वेळी तिच्याकडं पाहून हसला. चौथ्या वेळी इंदूबाईच्या पदरात तोंड लपवलं. "ओळखत नाही वं तुले," इंदूबाई समाधानानं म्हणाली, "मी काय करू?" आठव्या वेळी तो चालत होता आणि इंदूबाईला आई म्हणत होता.

दहाव्या महिन्यात मेघा वीस लिटरचा भरलेला कॅन ओट्यावर ठेवू शकत होती. तिनं मिनल मॅडमकडं कागद मागितला, आता वजन उचलता येतं असा.

"कोणत्याच आईला असं सर्टिफिकेट लागत नसतं," मॅडम म्हणाली.

"मले लागते."

मॅडमनं लिहून दिलं. सही केली, शिक्का मारला. मेघानं तो कागद मधुकररावांना दाखवला, ते म्हणाले वाहवा. प्रेमानंदला दाखवला, तो म्हणाला, "पाहू. याचा वाढदिवस होऊ दे. मंग दिवाळी होऊ दे." तिला समजलं. पुढल्या वेळी ती महिना भरायची वाट न पाहता गेली, मंगळवारी दुपारी, प्रेमानंद साइटवर असताना. रविंद्रला तिनं लेआउटच्या तोंडाशी ऑटो थांबवून बसायला सांगितलं.

आर्यन खाली गेटपाशी वाळूत खेळत होता. इंदूबाई पायरीवर बसून लसूण सोलत होती. मेघा वाकली, पोराला छातीशी धरलं, श्वास सोडला आणि उठली. साडेअकरा किलो. पोटात, खाली, सगळं जागच्या जागी राहिलं. ती चालू लागली.

आर्यननं किंचाळायला सुरुवात केली. "आई! आई!" तो मागं हात करत होता. त्यानं मेघाचा कान ओरबाडला, खांद्याला चावला. मागून इंदूबाई धावत आली. तिच्या ओटीतला लसूण रस्त्यावर सांडला. "अवं, ठेव! माह्या लेकराले खाली ठेव!" वीसएक पावलं ती धावली असेल आणि एकाएकी थांबली. रस्त्याच्या मधोमध ती उकिडवी बसली, एक हात जमिनीला टेकला आणि दुसरा लुगड्यावरून दोन्ही मांड्यांच्या मध्ये घट्ट दाबून धरला.

मेघानं वळून पाहिलं. तिला विचारावं लागलं नाही. तो हात तिच्या ओळखीचा होता, रेषा ओलांडल्यावर तिनं स्वतः तो तसाच धरला होता. बाराव्या दिवशी पऱ्हाटी वेचायला गेलेली बाई किती वर्षं खाली उतरलेलं अंग असं आत ढकलत होती कुणास ठाऊक. इंदूबाईनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, लाज होती, आपलं उघडं पडलं म्हणून. मेघा तिच्याकडं पाहत दोन श्वास उभी राहिली. मग पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ऑटोत जाऊन बसली.

"ते कोण बसली होती रस्त्यात?" रविंद्रनं विचारलं.

"चला, बाबा."

आता मेघा एमआयडीसीतल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आठ तास उभं काम. दुपारच्या सुट्टीत ती मागच्या भिंतीशी टेकून दहा वेळा धरते आणि सोडते. पुढल्या भरतीला वय बसतं, फॉर्म भरायचा की नाही ते तिनं ठरवलेलं नाही. प्रेमानंदनं वकिलाची नोटीस पाठवली आहे. आर्यन तिला अजून "बाई" म्हणतो. पहिले दोन महिने तो रोज संध्याकाळी दाराशी जाऊन उभा राहायचा आणि आई कुठं आहे विचारायचा. मेघा सांगायची, मी आहे आई. तो नाही म्हणून मान हलवायचा. एका संध्याकाळी ती फार थकली होती, तेव्हा म्हणाली, "ते आई मेली." रविंद्र भाजी चिरता चिरता थांबला. पोरगं दाराशी आणखी थोडा वेळ उभं राहिलं आणि मग येऊन भिंतीकडं तोंड करून झोपलं. त्यानंतर त्यानं विचारलं नाही.

मिनल मॅडमकडं ती अजून तीन महिन्यांतून एकदा जाते. मागच्या वेळी मॅडमनं विचारलं, "घरात, शेजारात कुणा बाईला असा त्रास असेल तर पाठवा. साठीनंतरही उपाय असतो, आत बसवायची रिंग असते, काही वेळा ऑपरेशन. बायका सांगत नाहीत, तशाच मरतात." मेघाच्या पर्समध्ये इंदूबाईचा नंबर होता, बुधवारच्या ओपीडीची वेळ पाठ होती.

"नाही," मेघा म्हणाली. "माह्या पाहण्यात कोणी नाही."